समुद्राला सातबारा नसतो: वाढवण बंदराने मच्छीमाराचं नेमकं काय जातं?

वाढवणची बातमी आली की आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, जगातल्या पहिल्या दहा बंदरांत आपलं बंदर येणार, अजून काय पाहिजे? दुसरा काळे झेंडे लावलेल्या होड्यांचे फोटो टाकतो, खाली ‘एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द’. मग तिसरं कुणीतरी, बहुतेक वेळा पुण्याचं, साळसूदपणे विचारतं, “पण बंदर तर समुद्रातच होणार आहे ना? मग गावाचं जातंय काय?”

ह्या प्रश्नावर ग्रुप गप्प होतो आणि थोड्या वेळाने कुणीतरी गुड नाईटचं फूल टाकतं. प्रश्न मात्र अगदी रास्त आहे. बंदर समुद्रात, त्याच्याखाली घर जात नाही, शेत जात नाही, तरी माणसं पंचवीस वर्षांहून जास्त काळ भांडतायत, ती का? उत्तर समजायला थोडं पाण्यात उतरावं लागेल.

बांधणार काय आहेत?

वाढवण हे पालघर जिल्ह्यात, डहाणू तालुक्यात, समुद्राला लागून असलेलं गाव. तारापूरचं अणुऊर्जा केंद्र इथून दक्षिणेला, फार लांब नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ जून २०२४ रोजी इथल्या बंदराला मंजुरी दिली, खर्च ७६,२२० कोटी रुपये. ३० ऑगस्टला पालघरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन झालं. बंदरात ७४ टक्के वाटा न्हावाशेव्याचं बंदर चालवणाऱ्या जेएनपीएचा आणि २६ टक्के महाराष्ट्र सागरी मंडळाचा.

जागा हीच का? तर खोलीमुळे. आजची सगळ्यात मोठी कंटेनर जहाजं चारशे मीटर लांब असतात, म्हणजे आपल्या पंधरा डब्यांच्या लोकलहून लांब. त्यांच्यावर वीस फुटी कंटेनर धरले तर चोवीस हजार बसतात, आणि भरलेल्या जहाजाचा सोळा मीटरच्या आसपास भाग पाण्याखाली असतो. मुंबईच्या खाडीत एवढी खोली टिकवायची म्हणजे सतत गाळ उपसत राहणं आलं. वाढवणसमोर किनाऱ्यापासून दहाएक किलोमीटरवर समुद्रच जवळजवळ वीस मीटर खोल आहे. बंदर बांधणाऱ्याच्या जागी आपण असतो तर आपलंही बोट नकाशावर इथेच पडलं असतं, हे मान्य करूनच पुढे जाऊ.

तीन शब्द लागतील. समुद्रात वाळू-दगड टाकून नवी जमीन उभी करणं म्हणजे भराव. बंदरातलं पाणी शांत राहावं म्हणून लाटांच्या आड बांधलेली दगडी भिंत म्हणजे ब्रेकवॉटर. आणि तळ खरवडून किंवा शोषून वाळू-गाळ वर काढणं म्हणजे ड्रेजिंग. बाकी सगळं आपण मराठीतच बोलू.

वाढवणला भराव होणार आहे १,४४८ हेक्टरचा. हेक्टर ऐकून डोळ्यासमोर काही येत नाही, म्हणून गणित करून पाहिलं: दादरचं शिवाजी पार्क सव्वाअकरा हेक्टरच्या आसपास आहे, म्हणजे सव्वाशेहून जास्त शिवाजी पार्कं एकमेकांना चिकटवून समुद्रात ठेवायची. मुंबईच्या कोस्टल रोडच्या भरावावरून केवढा गदारोळ झाला, तो भराव होता १११ हेक्टरचा. ब्रेकवॉटर १०.१४ किलोमीटर. भरावाला लागणारी वाळू सुमारे वीस कोटी घनमीटर, ती दमणसमोरच्या समुद्रातून आणायची. रस्त्यावर दिसणाऱ्या मोठ्या हायवा डंपरमध्ये साधारण सोळा घनमीटर मावतात असं धरलं, तर सव्वा कोटी खेपा. वाळू डंपरने येणार नाही, जहाजाने येईल, पण आकाराचा अंदाज यावा म्हणून सांगितलं.

म्हणजे समुद्राला दोन ठिकाणी हात लागतो. जिथे भर पडते तिथे, आणि जिथून वाळू उचलली जाते तिथेही. बातम्यांमध्ये दुसरी जागा जवळजवळ नसतेच.

डोल कशी चालते ते आधी बघा

शहरातल्या माणसाच्या मनातला मच्छीमार होडी घेऊन जातो, जाळं फेकतो, मासे ओढतो. तसा मच्छीमार असतो, पण डहाणू-पालघर-वसईच्या पट्ट्यात एक मोठी मासेमारी अगदी उलट चालते. तिथे जाळं जागेवर असतं आणि मासा चालत येतो.

ह्या जाळ्याला डोल म्हणतात. पायजम्याचा एक पाय कापून घेतला, वरचं तोंड ताणून उघडं धरलं आणि खालचं टोक गाठ मारून बंद केलं, की झाली डोल. फक्त हा पायजमा कित्येक मीटर लांब असतो आणि तोंडाकडची वीण मोठी, शेपटाकडे ती बारीक बारीक होत जाते. समुद्राच्या तळात खुंट रोवायचे, त्यांना डोल बांधायची, तोंड प्रवाहाकडे. भरतीचं पाणी आत शिरतं आणि सोबत बोंबील, जवळा, करंदी, मांदेली आणतं. पाणी गाळून निघून जातं, मासळी शेपटात साठते. पाणी थांबायच्या वेळेला डोल उचलायची. ओहोटीला प्रवाह फिरतो, मग पुन्हा तोच खेळ दुसऱ्या दिशेने.

ह्या सगळ्याचं इंजिन म्हणजे पाण्याचा जोर. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण असतं, पाणी जोरात धावतं, डोल भरते. अष्टमीच्या सुमाराला भांग असतो, पाणी आळसावतं, डोलही आळसावते. म्हणून डोलकराचं कॅलेंडर भिंतीवरच्या तारखांवर चालत नाही, तिथीवर चालतं. मुंबईहून उत्तरेला खंबातच्या आखाताकडे जाऊ तसा भरती-ओहोटीतला फरक वाढत जातो. डहाणूला उधाणाला पाणी पाच मीटरच्या आसपास वर-खाली होतं, म्हणजे दीड मजला. एवढं पाणी दिवसातून चारदा ये-जा करतं म्हणूनच इथे डोल चालते.

आता ह्या वाटेत दहा किलोमीटरची भिंत आणि तिच्या आड १,४४८ हेक्टर जमीन उभी करा.

विरारच्या लोकलच्या दारात एखादा दांडगा माणूस पाठीवर सॅक घेऊन उभा राहतो तेव्हा काय होतं? आत शिरणारी गर्दी थांबत नाही. त्याच्या दोन्ही बाजूंनी जास्त जोराने घुसते आणि त्याच्या पाठीमागे मात्र एक मोकळा कोपरा तयार होतो, जिथे कुणी ढकलत नाही. पाण्याचंही तेच. अडथळ्याच्या टोकांना प्रवाह वाढतो, तिथला तळ खरवडला जातो. अडथळ्याच्या आडोशाला प्रवाह मंदावतो आणि पाण्यातला गाळ खाली बसतो. टोकाशी डोल लावली तर फाटेल, आडोशाला लावली तर भरणार नाही. मासा मेला नाही, समुद्र आटला नाही, तरी डोलकराची जागा गेली.

किती अंतरापर्यंत असा फरक पडेल हे गणिती प्रतिमान मांडून काढतात. पुण्याजवळ खडकवासल्याला केंद्र सरकारची जुनी संशोधन संस्था आहे, तिथे देशातल्या बंदरांची अशी गणितं होतात. ती माणसं आपल्या कामात तरबेज आहेत. पण त्यांना विचारलेला प्रश्न बहुधा असा असतो की बंदरात गाळ किती साचेल, लाटा किती उंच येतील, किनारा किती सरकेल. अमुक गावाच्या डोलीत भांगाच्या दिवशी किती जवळा येईल, हा प्रश्न त्यांच्या टेबलावर कुणी ठेवलेलाच नसतो.

तळ म्हणजे नुसता चिखल नव्हे

समुद्राचा तळ म्हणजे आपल्याला ओसाड चिखल वाटतो. शेतकरी मातीच्या वरच्या वीतभर थराला जे मानतो, तेच इथे तळाच्या वरच्या थराचं आहे. त्यात किडे, शिंपले, बारीक खेकडे राहतात. त्यांना कोळंबी खाते, कोळंबीला मासे खातात. ड्रेजर येतो आणि हा थर उचलून नेतो. खाली राहतो तो खड्डा, किंवा असा कडक तळ ज्याच्यावर पुन्हा जीव बसायला वेळ लागतो. भराव पडतो तिथे तर प्रश्नच मिटला, तो तळ कायमचा जमिनीखाली गाडला जातो.

विरोध करणारे एक गोष्ट थोडी जास्तच ताणतात असं माझं मत आहे, ते सांगून टाकतो. ड्रेजिंगने पाणी गढूळ होईल आणि सगळं मरेल, असं म्हटलं जातं. डहाणूचा समुद्र मुळातच गढूळ आहे, आखाताकडचा चिखल रोज त्यात ढवळला जातो. बोंबलाला मालवणसारखं नितळ पाणी लागत नाही, तो गढुळाचाच रहिवासी. त्यामुळे पाण्याच्या रंगापेक्षा गाळ बसतो कुठे, हे महत्त्वाचं. वाढवण-वरोरच्या किनाऱ्यालगत खडक आहेत. ओहोटीला बायका तिथे कालवं काढायला जातात, खडकांच्या कपारीत शेवंड राहते. कालव एकदा खडकाला चिकटलं की ते उठून दुसरीकडे जात नाही. त्याच्यावर बोटभर गाळ बसला तरी त्याचा कारभार आटोपला.

शिवाय उथळ किनारा हे माशांचं पाळणाघर. घोळ, पापलेट, दाढा ह्यांची पिल्लं काही काळ किनाऱ्याजवळ आणि खाड्यांच्या तोंडाशी वाढतात, मोठी झाली की खोल पाण्यात जातात. ऑगस्ट २०२१ मध्ये पालघर जिल्ह्यातल्याच मुरब्याच्या एका बोटीला एका फेरीत १५७ घोळी मिळाल्या आणि त्या सुमारे एक कोटी तेहेतीस लाखांना विकल्या गेल्या, ती बातमी आठवत असेल. घोळीच्या पोटातल्या हवेच्या पिशवीला, इथे बोत म्हणतात, परदेशात सोन्याचा भाव असतो. ही बोट वाढवणच्याच दिशेने खोल समुद्रात गेली होती. २०२३ मध्ये महाराष्ट्राने चंदेरी पापलेटाला राज्यमासा केलं आणि त्याच वर्षी गुजरातने घोळीला. ह्या दोन्ही राज्यमाशांची उठबस ह्याच पाण्यात आहे.

“समुद्रात बंदर, मग विस्थापन कसलं?”

आता पुणेकर नातेवाइकाचा प्रश्न. सरकारी भाषेत ‘प्रकल्पग्रस्त’ होण्यासाठी काहीतरी संपादित व्हावं लागतं. जमीन संपादित होते तेव्हा तलाठ्याकडे सातबारा असतो, त्यावर नाव असतं, क्षेत्र असतं, त्यावरून मोबदला निघतो. वाढवणला रस्ता आणि रेल्वेसाठी जी जमीन लागेल तिच्या मालकांना ह्या वाटेने पैसे मिळतील. बंदराची जमीन मात्र समुद्रातून निघणार, आणि समुद्राला सातबारा नसतो.

पण सातबारा नाही म्हणजे मालकी-वहिवाट नाही असं नव्हे. डोल लावायच्या जागेला कव म्हणतात. कुठली कव कुठल्या गावाची, गावात कुठल्या घराची, हे पिढ्यानपिढ्या ठरलेलं असतं. जीपीएस नव्हतं तेव्हा किनाऱ्यावरच्या खुणा धरून जागा ओळखायचे: देवळाचा कळस अमक्या डोंगराच्या खाली आला आणि दुसऱ्या बाजूला ताडांची रांग तमक्या टेकडीला टेकली, की आपली कव. दोन रेषा जिथे छेदतात तो बिंदू. शाळेत भूमिती न शिकलेली माणसं हे रोज करत होती.

ह्या हद्दी किती खऱ्या आहेत हे बघायचं असेल तर त्यांच्यावरून होणारी भांडणं बघा. वसई-उत्तनच्या बोटी वर येऊन आमच्या तोंडावर कवी मारतात, म्हणजे आपल्या डोली रोवतात, ही सातपाटी-डहाणूकडच्या मच्छीमारांची कित्येक वर्षांची तक्रार आहे. बैठका झाल्या, समुद्रात हमरीतुमरी झाली. ज्याला मालकच नाही त्याच्यावरून कुणी असं भांडत नाही.

कायद्यानेही हे थोडंफार ओळखायला सुरुवात केली आहे. ठाणे खाडीवरच्या तिसऱ्या पुलाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये मच्छीमारांचा पारंपरिक हक्क आणि त्यापोटी भरपाईचा हक्क मान्य केला. पुढे राज्याने अशा भरपाईचं धोरणही आणलं. पण पुलाचे खांब आणि १,४४८ हेक्टर ह्यांत फरक आहे.

“मग थोडं पुढे जाऊन मासे पकडा की”

हा सल्ला ऐकायला सोपा आहे. तो द्यायच्या आधी डहाणूसमोरच्या समुद्राची गर्दी बघा. दक्षिणेला तारापूरच्या अणुकेंद्राभोवती मज्जाव. खोल समुद्रात तेल आणि वायूचे फलाट, प्रत्येकाभोवती पाचशे मीटर बंदी. तळाशी वाहिन्या. उत्तरेला गुजरातच्या बोटी. दक्षिणेला वसईकरांशी वाद. उरलेल्या जागेतून आता जहाजांचा रस्ता जाणार. चारशे मीटरच्या जहाजाला ब्रेक दाबून थांबता येत नाही, त्यामुळे त्याच्या वाटेत ना डोल चालते ना गिलनेट, म्हणजे पाण्यात पडद्यासारखं सोडलेलं जाळं. नांगर टाकून रांगेत थांबलेल्या जहाजांचा तळही जाळ्यांना बंद. भराव नकाशावर जेवढा दिसतो त्याच्या कितीतरी पट पाणी मच्छीमाराच्या हातून जातं, ते असं.

बरं, मोठ्या बोटीने जाळं ओढत नेणारा ट्रॉलरवाला पुढे जाऊ शकतो. डिझेल जास्त जळेल, बर्फ जास्त लागेल, पण जाईल. एक-दोन सिलिंडरची होडी घेऊन सकाळी जाऊन दुपारी परतणारा माणूस पुढे जाणार कुठे? आणि डोल तर खुंटाला बांधलेली. ‘पुढे जा’ हा सल्ला डोलकराला देणं म्हणजे विहीर बुजवलेल्या शेतकऱ्याला ‘पलीकडच्या गावाच्या विहिरीवरून पाणी आण’ म्हणणं.

“मासळी तर आधीच संपत आलीय”

खरं आहे. २०१९ मध्ये महाराष्ट्राची सागरी मासळी २.०१ लाख टनांवर आली, तेव्हा केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने तो पंचेचाळीस वर्षांतला नीचांक असल्याचं सांगितलं होतं. त्याला बंदर कारण नव्हतं, ते तेव्हा कागदावरच होतं. वादळं होती, बेसुमार ट्रॉलिंग होतं, माशांचा थवाच्या थवा घेरणारी पर्ससीन जाळी आणि एलईडी दिव्यांची मासेमारी होती, पिल्लं गाळून काढणारी बारीक जाळी होती. ह्यात मच्छीमारांचा वाटा आहे आणि डोलीची बारीक शेपटंही त्यातून सुटत नाहीत. तारापूर औद्योगिक वसाहतीचं सांडपाणी हा वेगळा जुना विषय, तो राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत गेला.

पण आजारी माणसाला धक्का दिला तर ‘तो तसाही अशक्तच होता’ हे उत्तर होत नाही. मासळी कमी होण्याची बाकीची कारणं उलटवता येतात. जाळ्याची वीण मोठी करता येते, १ जून ते ३१ जुलैची पावसाळी बंदी नीट पाळता येते, पिल्लं विकणं थांबवता येतं. सातपाटीच्या मच्छीमारांनी पापलेटाच्या पिल्लांसाठी स्वतःहून आवाज उठवला. भराव मात्र उलटवता येत नाही.

“किनाऱ्याला काही होणार नाही, अभ्यास झालाय”

समुद्रात भिंत घातली की शेजारच्या किनाऱ्याचं काय होतं, ह्याचं आपल्याच देशातलं प्रसिद्ध उदाहरण पुद्दुचेरी. तिथे १९८०च्या दशकाच्या अखेरीस बंदराच्या भिंती झाल्या. त्या किनाऱ्यावर वाळू वर्षभरात मिळून दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत असते. भिंतीने ती अडवली. दक्षिणेला वाळू साचली आणि उत्तरेला शहराची चौपाटी वाहून गेली, तिच्या जागी दगडांचे ढीग आले. मग दगडांमुळे धूप आणखी उत्तरेच्या मच्छीमार गावांकडे सरकली. अलीकडे पाण्याखाली कृत्रिम भिंत घालून थोडी वाळू परत आणली, तोवर तीन दशकं गेली होती.

डहाणूचा किनारा पुद्दुचेरीसारखा नाही. बंदर किनाऱ्याला चिकटून नाही, काही किलोमीटर आत आहे, आणि इथे लाटांपेक्षा भरती-ओहोटीचा खेळ मोठा. त्यामुळे तसंच होईल असं म्हणणं चुकीचं ठरेल. मुद्दा एवढाच की पुद्दुचेरीलाही अभ्यास झाला होता. तिथे साचलेली वाळू उपसून पलीकडे टाकत राहायची योजनाही होती, ती धड चालवली गेली नाही. बंदर बांधल्यावर अटी पाळण्याचं काम कुणाच्या रोजच्या कामात असतं, हे बघायला हवं.

डहाणूला तर अशा अटींचा इतिहासच आहे. २० जून १९९१ रोजी केंद्राने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक जाहीर केला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने त्याच्यावर लक्ष ठेवायला खास प्राधिकरण नेमलं गेलं, न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष. १९९८ मध्ये वाढवणला पी अँड ओ ही परदेशी कंपनी बंदर बांधायला निघाली होती, तेव्हा ह्याच प्राधिकरणाने नकार दिला. धर्माधिकारी २०१९ मध्ये वारले. ३१ जुलै २०२३ रोजी त्याच प्राधिकरणाने, अर्थात नव्या सदस्यांनी, अटी घालून होकार दिला. मध्यंतरी बंदरं सगळ्यात प्रदूषक उद्योगांच्या ‘लाल’ यादीतून काढली गेली होती आणि बंदराची आखणीही बदलून समुद्रात आत सरकली होती. एप्रिल २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने तो होकार कायम ठेवला, त्याविरुद्ध लोक सर्वोच्च न्यायालयात गेले. नाजूकपणाची १९९१ची अधिसूचना ह्या काळात कुठे गेली नव्हती.

आणखी एक गोष्ट अभ्यासात सुटते ती बेरजेची. प्रत्येक प्रकल्पाचा अहवाल स्वतंत्र. वाढवणचा वेगळा, मुरब्याला दुसऱ्या बंदराचा प्रस्ताव आहे त्याचा वेगळा, समुद्रात विमानतळाची चर्चा आहे, झाला तर त्याचाही वेगळाच. मासा मात्र तिन्हींतून एकच जाणार.

“अपघात रोज थोडेच होतात?”

नाहीत. पण ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया ही दोन जहाजं धडकली, शेकडो कंटेनर समुद्रात गेले, तेल पसरलं, मासे खाऊ नका असं सांगायची वेळ आली आणि कोळीणींच्या टोपल्या भरल्या त्या भरल्याच राहिल्या. २५ मे २०२५ रोजी केरळसमोर एमएससी एल्सा-३ बुडालं, ६४० कंटेनरसह, त्यांतल्या १३ मध्ये घातक माल. प्लास्टिकचे साबुदाण्यासारखे दाणे कित्येक दिवस किनाऱ्यावर येत राहिले. वाढवणची क्षमता वर्षाला २ कोटी ३२ लाख कंटेनरची ठरवली आहे. जेएनपीएने २०२४-२५ मध्ये हाताळले ते ७३ लाखांच्या आसपास.

“नोकऱ्या येतील, भरपाई मिळेल”

सरकार सुमारे दहा लाख रोजगारांचा आकडा देतं. तो प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष मिळून, त्यात ट्रकवाले आले, गोदामं आली, चहाच्या टपऱ्याही आल्या असणार. काही नोकऱ्या नक्की येतील आणि वाढवण-चिंचणीकडच्या काही तरुणांना त्या हव्याही आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. प्रत्येक मुलाला डोल ओढायची नसते. पण पन्नाशीची बाई, जिने आयुष्यभर वलांडीवर, म्हणजे बांबूंच्या मांडवावर, बोंबील वाळवले, तिला क्रेन चालवायला कुणी बोलावणार नाही.

भरपाईचा हिशेब जवळच, उरणला बघता येतो. न्हावाशेव्याचं बंदर १९८९ मध्ये सुरू झालं. त्यासाठी हलवलेल्या शेवा कोळीवाड्याला जी जागा मिळाली तिथे वाळवीने घरं पोखरली, आणि योग्य पुनर्वसनासाठी ती माणसं चार दशकं खेपा घालत राहिली. पुढे चौथ्या टर्मिनलच्या वेळी पारंपरिक मच्छीमार हरित न्यायाधिकरणात गेले. २७ फेब्रुवारी २०१५ला निकाल लागला: १,६३० कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपये. मासेमारीच्या नुकसानीचा पैशात हिशेब होऊ शकतो, हे त्यातून सिद्ध झालं. भागाकार केला तर घरटी पाच लाख चौऱ्याऐंशी हजार.

आणि मुळात यादीत नाव कुणाचं? ज्याच्या नावावर बोटीचा परवाना, त्याचं. त्या बोटीवर खलाशी असतात, त्यांचं नाव कुठे? बर्फवाला, जाळी विणणारा, टेम्पोवाला? आणि ती बोंबील वाळवणारी? एका बोटीमागे किनाऱ्यावर किती हात लागतात ते पहाटे कुठल्याही बंदरावर उभं राहून मोजता येतं. होडी लागली की पुरुषाचं काम जवळजवळ संपतं आणि बाईचं सुरू होतं. निवडणं, जोड्या लावून बोंबील बांबूवर अडकवणं, उन्हं कलली की उतरवणं, टोपली घेऊन बाजार गाठणं. तिच्याकडे परवाना नसतो, पावती नसते, सातबारा तर नाहीच.

भांडून काहीच मिळत नाही असंही नाही. वरळीच्या कोळ्यांनी कोस्टल रोडच्या पुलाखालून होड्या नेण्यासाठी खांबांमधलं अंतर वाढवा म्हणून काम अडवलं. साठ मीटरच पुरेसं, तज्ज्ञांनी तपासलंय, असं सांगितलं जात होतं. शेवटी एक खांब गाळला गेला आणि अंतर १२० मीटर झालं.

म्हणून वाढवणच्या पट्ट्यात आता काही जण एक कंटाळवाणं काम करतायत. मी ज्या तांडेलाकडे, म्हणजे बोटीच्या म्होरक्याकडे, गेलो होतो त्याने मला शाळेची दोनशे पानी वही दाखवली, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली. डाव्या बाजूला तिथी, उजव्या बाजूला किती टोपल्या बोंबील, किती जवळा, डिझेलची पावती पिन मारून. मागच्या पानावर जीपीएसवरून उतरवलेले आकडे, त्याच्या चार कवींचे अक्षांश-रेखांश. मच्छीमार सोसायटीतल्या पोराने सांगितलं म्हणून लिहायला लागला. भरपाईचा फॉर्म येईल तेव्हा पुरावा म्हणून जोडायचा.

“बाबांनी ह्यातलं काही लिहिलं नव्हतं,” तो म्हणाला, “त्यांना लागलंच नाही.” भरतीची वेळ झाली होती, त्याने वही पिशवीत घालून गाठ मारली आणि घराच्या आढ्याला, जाळ्यांच्या शेजारी टांगून ठेवली.